रस आणि सांचा : प्लास्टिकच्या कारखान्याची कुळकथा

दौंड तालुक्यांत केडगांव-यवतच्या बाजूस हिंवाळ्यांत गेलें, म्हणजे उंसाच्या मळ्यांच्या कडेला गुऱ्हाळांचीं चुलाणें पेटलेलीं दिसतात. काहिलींत रस उकळत असतो. भेंडीचें पाणी घालून वर आलेली मळी झाऱ्यानें काढली जाते, आणि गुळव्या काहिलीपाशीं उभा राहून पाकाकडे टक लावून पाहत असतो. मधूनच पाकाचा थेंब थंड पाण्यांत टाकून तो बोटांनीं चाचपतो. गोळी जमली कीं काहील उतरवायची. क्षणभर आधीं उतरली तर गूळ बसत नाहीं, क्षणभर उशीर झाला तर तो करपतो. मग वाफ्यांत पाक घोटून निववायचा, कापड घातलेल्या सांच्यांत भरायचा, आणि निवल्यावर सांचा पालथा करून ढेप बाहेर काढायची.

या मळ्यांपासून उत्तरेस भीमा ओलांडली कीं शिरूर तालुका लागतो. तेथें रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत एखाद्या पत्र्याच्या शेडमध्यें डोकावणाऱ्यास प्रथम गुऱ्हाळाची आठवण होणार नाहीं. परंतु थोडें थांबून पाहिल्यास तोच सारा खटाटोप तेथें चाललेला दिसेल. यंत्राच्या माथ्यावरील हॉपरमध्यें साबुदाण्यासारखे प्लास्टिकचे दाणे ओतलेले असतात. ते तापलेल्या नळकांड्यांत उतरून वितळतात. तो दाट रस मोठ्या दाबानें पोलादी सांच्यांत शिरतो. सांच्याच्या अंगांतून खेळविलेल्या थंड पाण्यानें तो निवतो. सांचा दुभंगतो आणि बादली, डबी, पंख्याचें पातें किंवा धुलाईयंत्राची टाकी बाहेर पडते. या कृतीस इंजेक्शन मोल्डिंग म्हणतात. वैद्याच्या सुईप्रमाणें रस टोचून भरावयाचा, म्हणून हें नांव. पाक केव्हां झाला हें ओळखणारा गुळव्या येथेंही असतो. त्याला सेटर म्हणतात. त्याच्यापुढें उष्णतेचे आंकडे दाखविणारी पाटी असते, परंतु अनुभवी सेटर बाहेर पडलेल्या वस्तूची कड नखानें चाचपल्यावांचून राहत नाहीं.

या धंद्याचा मूळपुरुष रसायनशास्त्रज्ञ नव्हता. तो छापखान्यांत काम करणारा एक खिळे जुळारी होता. त्याचें नांव जॉन वेस्ली हायट. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांत सन १८३७ मध्यें त्याचा जन्म झाला. त्या काळीं बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि हस्तिदंत दिवसेंदिवस महाग होत चाललें होतें. तेव्हां या खेळाचें साहित्य विकणाऱ्या एका व्यापारी पेढीनें हस्तिदंताऐवजीं चालेल असा पदार्थ शोधणारास दहा हजार डॉलरचें बक्षीस जाहीर केलें. हायट दिवसा छापखान्यांत राबे आणि उरलेल्या वेळांत लांकडाचा भुसा, लाख, कागदाचा लगदा असलें कांहींबाहीं एकत्र करून पाही. अखेर कापसावर नत्राम्लाची क्रिया करून होणारा पदार्थ आणि कापूर यांचें मिश्रण उष्णता देऊन दाबलें, तर हस्तिदंतासारखा घट्ट आणि हवा तसा आकार घेणारा पदार्थ तयार होतो, हें त्याला सांपडलें. सन १८७० मध्यें त्यानें व त्याचा भाऊ आयझाया यांनीं त्याचें पेटंट घेतलें. पदार्थास ‘सेल्युलॉइड’ हें नांव या भावानेंच दिलें.

मात्र या चेंडूंत एक खोड होती. नत्राम्ल लावलेला कापूस हा सुरुंगाच्या दारूचा सख्खा भाऊ. चेंडू जोरानें एकमेकांवर आदळले, तर क्वचित् लहानसा बार उडे. कोलोरॅडोंतील एका गुत्तेवाल्यानें हायटला लिहून कळविलें कीं, आपणांस या आवाजाचें कांहीं वाटत नाहीं, पण तो होतांच खोलींतला प्रत्येक इसम पिस्तुलाला हात घालतो! ही हकीगत हायटनेंच पुढें म्हातारपणीं सांगितली आहे.

पदार्थ सांपडला तरी त्याच्या वस्तू बनवावयाच्या कशा, हा प्रश्न उरलाच होता. सन १८७२ मध्यें हायट बंधूंनीं त्याकरितां एका यंत्राचें पेटंट घेतलें. एक तापविलेलें नळकांडें, त्यांत मागून सरकणारा दट्ट्या, आणि पुढें अरुंद तोंड. आपल्या स्वयंपाकघरांतील चकलीचा सोऱ्या डोळ्यांपुढें आणला म्हणजे त्या यंत्राची बहुतेक रचना समजते. फरक एवढाच कीं हा सोऱ्या तापलेला असे आणि त्याच्या तोंडाशीं सांचा जोडतां येई. आज जगांत चालणाऱ्या सर्व इंजेक्शन मोल्डिंग यंत्रांचा हा पूर्वज होय.

हायटच्या कंपनीची वाढ लक्षांत घेण्यासारखी आहे, कारण तिच्यानंतर आलेल्या बहुतेक प्लास्टिक-कारखान्यांची जन्मपत्रिका तिच्यासारखीच आहे. आरंभीं दंतवैद्यांना कृत्रिम कवळीच्या पट्ट्या करून देण्याचें काम तिनें धरलें. त्या पट्ट्यांना कापराचा वास येई आणि गरम पेय प्यालें कीं त्या मऊ पडत, असा बोभाटा झाला. तरीही ‘सेल्युलॉइड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ या नांवानें कारखाना उभा राहिला आणि सन १८७२-७३ च्या हिंवाळ्यांत ऑल्बनीहून न्यूअर्क शहरीं गेला. तेथें १८७५ मध्यें आगीनें इमारत खाल्ली. ती पुन्हां बांधली गेली. हळूहळू फण्या, सुऱ्यांच्या मुठी, आणि न धुतां नुसते पुसून वापरतां येणारे कोट-शर्टांचे गळपट्टे बाजारांत येऊं लागले. मध्यमवर्गाच्या कारकुनाला धोब्याचा खर्च वाचविणारा गळपट्टा मिळाला, आणि जी फणी पूर्वीं कांसवाच्या पाठीची किंवा हस्तिदंताची म्हणून श्रीमंताघरींच दिसे, ती साध्या घरांत गेली. आपल्या मालामुळें हत्ती आणि कांसव यांना जीवदान मिळालें, असें त्या काळीं कंपनीच्या बाजूनें मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येई. त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. हायट स्वतः मात्र एका शोधावर बसून राहणारा नव्हता. पुढें त्यानें रोलर बेअरिंगही काढलें, आणि त्या कंपनींतूनच पुढें जनरल मोटर्सचा सूत्रधार झालेला आल्फ्रेड स्लोन हा गृहस्थ वर आला.

सेल्युलॉइडची ज्वालाग्राहिता मात्र अखेरपर्यंत गेली नाहीं. चित्रपटाच्या जुन्या फिती याच पदार्थाच्या असत. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फितीवर उतरला होता. पुण्यांत ज्या आवारांत पूर्वीं प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता, तेथील फितींच्या कोठारास जानेवारी २००३ मध्यें आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या मालकीच्या असल्या कित्येक जुन्या फिती नष्ट झाल्या. एका छापखान्यांतल्या जुळाऱ्यानें दूर अमेरिकेंत जमविलेल्या मिश्रणाची आंच सव्वाशें वर्षांनीं पुण्यापर्यंत पोहोंचली ती अशी.

या दोषामुळेंच हायटच्या यंत्राची प्रगति पन्नास वर्षें खुंटली. रस पातळ व्हावा म्हणून उष्णता वाढवावी तर पदार्थ पेट घेणार. न वाढवावी तर तो सांच्याच्या बारीक कानाकोपऱ्यांत शिरणार नाहीं. म्हणून यंत्रांतून कांड्या, नळ्या, पत्रे एवढेंच मुख्यतः निघे. मध्यंतरीं १९०७ मध्यें बेकलंड यानें बेकेलाइट शोधून काढलें. रेडिओचीं जुनीं तपकिरी, चकचकीत खोकीं ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना तें आठवेल. परंतु बेकेलाइट एकदां घट्ट झालें कीं पुन्हां वितळत नाहीं. उकडलेलें अंडें पुन्हां कच्चें होत नाहीं तसाच हा प्रकार. गूळ मात्र कितीदांही वितळवावा आणि थिजवावा. इंजेक्शनच्या यंत्राला गुळाच्या जातीचा पदार्थ हवा होता, आणि तोही न पेटणारा. तो जर्मनीचा रसायनज्ञ आर्थर आयखेनग्र्यून यानें सेल्युलोज ॲसिटेटच्या रूपानें दिला व १९१९ मध्यें त्याचें मोल्डिंगही करून दाखविलें. हा विद्वान ज्यू होता, आणि हिटलरच्या राजवटींत वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्याला छळछावणींत दिवस काढावे लागले.

पुढचा टप्पा झपाट्याचा आहे. १९३३ मध्यें इंग्लंडांत पॉलिथीन सांपडलें. १९५४ मध्यें इटलींत नाट्टा यानें पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केलें आणि १९६३ चें नोबेल पारितोषिक झीग्लरबरोबर वांटून घेतलें. मध्यें, १९४६ सालीं, जेम्स हेंड्री या अमेरिकनानें दट्ट्याच्या जागीं मळसूत्र घातलें. ही सुधारणा दिसावयास किरकोळ, पण तिनेंच आजचा कारखाना शक्य झाला. दट्ट्या दाण्यांना नुसता पुढें रेटतो. त्यामुळें नळकांड्याच्या भिंतीला लागलेले दाणे करपतात आणि मधले कच्चे राहतात. मळसूत्र फिरतां फिरतां कणीक मळावी तसें दाण्यांना मळतें. त्या घर्षणानेंच बरीचशी उष्णता उत्पन्न होते आणि रंगाची पूडही सर्वत्र सारखी मिसळते. पुरेसा रस पुढें जमेपर्यंत मळसूत्र मागें सरकत जातें, आणि मग एकदम दट्ट्यासारखें पुढें येऊन तो सांच्यांत ढकलतें. एकच अवयव दोन्ही कामें करतो.

हिंदुस्थानांत या धंद्याची सुरुवात मुंबईच्या गल्ल्यांतून झाली. दाणा परदेशांतून येई, आणि फण्या, गुंड्या, बांगड्या, खेळणीं असा किरकोळ माल हातानें दाबावयाच्या यंत्रांवर निघे. १९५७ मध्यें मुंबईस पॉलिकेम कंपनीनें पॉलिस्टायरीन बनविण्यास आरंभ केला. १९६८ मध्यें ठाण्याजवळ नोसिलचा मोठा कारखाना चालूं झाला. आणि पुढें रायगड जिल्ह्यांत नागोठण्यास खनिज वायूपासून प्लास्टिक होऊं लागलें. दाणा घराजवळ मिळूं लागतांच लहान मोल्डरचे मोठे कारखानदार झाले. घरोघर ज्यांच्या खुर्च्या दिसतात त्या नीलकमलच्या पारेख घराण्याचा आरंभ गुंड्या बनविण्यापासून झाला. गुंडीपासून खुर्चीपर्यंतचा प्रवास हा केवळ भांडवलाचा नसून यंत्राच्या ताकदीचाही आहे. रस आंत शिरतांना सांच्याचे दोन भाग दूर फेंकले जाऊं नयेत म्हणून त्यांना बाहेरून दाबून धरावें लागतें, आणि हा दाब टनांत मोजतात. डबीला पन्नास-शंभर टन पुरतात; दोन-अडीच किलोची अखंड खुर्ची एका घांवांत काढावयाची तर कित्येक शें टनांचें धूड लागतें. १९७२ मध्यें फ्रान्सांत मॅसोने या गृहस्थानें अशी खुर्ची दोन मिनिटांच्या आंत काढून दाखविली, आणि लग्नाच्या मांडवांतून लांकडी घडीच्या खुर्च्यांची गच्छन्ती तेव्हांच ठरून गेली म्हणावयाची.

आतां शिरूरकडे वळूं. शिरूरला जुनीं माणसें अजून घोडनदी म्हणतात. इंग्रजांच्या छावणीचें आणि बाजारपेठेचें हें गांव. सभोंवतालचा मुलूख पर्जन्यछायेंतला. घोड, भीमा आणि कालवे जेथें पोहोंचले तेथें ऊंस आणि कांदा. जेथें पोहोंचले नाहींत तेथें बाजरी, आणि तीही पाऊस देईल तेवढी. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि कारखाने मुंबई-पुण्याबाहेर नेण्याचें धोरण ठरलें. त्या धोरणाचें फळ या तालुक्याच्या पदरांत पडावयास तीस-पस्तीस वर्षें लागलीं. पुण्याहून सुमारें पन्नास किलोमीटरांवर, अष्टविनायकांपैकीं महागणपतीच्या रांजणगांवीं वसाहत झाली. फियाटच्या मोटारींचा कारखाना, व्हर्लपूलचा शीतकपाटांचा, आणि २००४ च्या सुमारास एल.जी.चा, असे मोठे कारखाने तेथें आले.

मोठा कारखाना आला कीं त्याच्या सावलींत मोल्डर येतो, यांत नवल नाहीं. शीतकपाटाच्या आंतलें पांढरें अस्तर तापविलेला पत्रा हवेनें ओढून करतात, तें निराळें. पण भाजीचा खण, दाराच्या फळ्या, धुलाईयंत्राची टाकी, दूरचित्रवाणी संचाची चौकट, मोटारीचा बंपर हें सर्व इंजेक्शनचें काम. या वस्तू वजनानें हलक्या आणि आकारानें मोठ्या. त्या दुरून आणणें म्हणजे मालमोटारींतून हवा वाहून नेणें होय. म्हणून मोल्डरला शेजारींच शेड बांधावी लागते. जवळपणाच्या या साध्या हिशेबामुळें शेतकऱ्यांच्या मुलांना दोन-चार मैलांवर पाळीचें काम मिळालें.

अशा लहान कंपनीची वाढ कशावर अवलंबून असते? यंत्रावर, असें पुष्कळांना वाटतें; पण खरा जीव असतो सांच्यांत. सांचा उत्तम पोलादाचा, केंसाएवढाही फरक न चालणारा. निवतांना पॉलिप्रॉपिलीन शेंकडा एक ते अडीचपर्यंत आकसतें, तर पॉलिस्टायरीन शेंकडा अर्ध्याच्या आसपास. म्हणून तेवढें जास्त माप धरूनच तो कोरावा लागतो. यामुळें एका दाण्यासाठीं केलेला सांचा दुसऱ्यास चालेलच असें नाहीं. समजा, एका सांच्यास दहा लाख रुपये पडले. त्यांतून लाख नग निघाले तर प्रत्येक नगावर सांच्याचे दहा रुपये बसतात. दहा लाख निघाले तर एकच रुपया. सारें गणित नगांच्या संख्येवर ठरतें. मोठ्या संख्येची मागणी देणारा ग्राहक बहुधा एकच असतो, आणि पुष्कळदां सांचाही त्याच्याच मालकीचा असतो. तो नाखूष झाला, किंवा त्यानें शीतकपाटाची ठेवण बदलली, तर एके दिवशीं सांचा उचलून मालमोटारींत घातला जातो आणि मोल्डरच्या हातीं कर्जावरचें यंत्र तेवढें उरतें. शहाणा मोल्डर म्हणूनच कांहीं सांचे स्वतःचे ठेवतो. बादली, फळांचा क्रेट, ठिबक-सिंचनाचीं जोडणीं, असा माल निघणारे. त्यावर नफा थोडा, पण हे सांचे कोणी उचलून नेत नाहीं.

शेडमधल्या कामाचें वर्णन थोडक्यांत होण्यासारखें नाहीं, तरी कांहीं गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. रस २०० ते २५० अंश तापलेला असतो आणि त्यावरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोच्या घरांत जातो. यंत्राचें दार उघडें असतां सांचा मिटूं नये अशी चाव्यांची योजना त्यांत असते. ती अडचण वाटून, घाईसाठीं कोणी निकामी करून ठेवली, तर त्याचें मोल बोटांनीं द्यावें लागतें. नव्या कामगाराला पहिल्या दिवशीं हेंच सांगावें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां सांगावें. रस अपुरा भरला तर वस्तू कोंवळी निघते, त्याला शॉर्ट म्हणतात; सांच्याच्या फटींतून रस बाहेर आला तर पातळ पापुद्रा उरतो, तो फ्लॅश. फ्लॅश चाकूनें तासण्याचें काम बहुधा बायका करतात, आणि ज्या वेगानें यंत्र नग टाकतें त्या वेगानें त्यांचे हात चालावे लागतात. रसाच्या वाटेंत थिजलेली कांडी, जिला रनर म्हणतात, ती दळून पुन्हां दाण्यांत मिसळतात. किती मिसळावी याला मर्यादा आहे, कारण प्रत्येक वितळण्याबरोबर पदार्थाचा चिवटपणा कमी होतो. स्वस्त बादलीचा कान महिन्याभरांत कां तुटतो, याचें उत्तर पुष्कळदां या मर्यादेच्या उल्लंघनांत असतें.

आणि वीज. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें महाराष्ट्रानें भारनियमनांत काढलीं. पिठाची गिरणी बंद पडली तर दळण थांबतें. पण मोल्डिंगच्या यंत्राची वीज गेली तर नळकांड्यांत रस गोठतो, आणि वीज आल्यावर तो पुन्हां वितळेपर्यंत पाळीचा मोठा भाग जातो. पी.व्ही.सी.सारखा नाजूक पदार्थ आंत रेंगाळला तर करपून त्याचें आम्ल सुटतें आणि पोलाद खातें. त्या वर्षांत डिझेलचें जनित्र घेऊं शकणारे तगले. बाकीच्यांची वाढ तेथेंच थांबली.

भीमेच्या अलीकडे, दौंडकडे, चित्र थोडें निराळें आहे. १८७८ मध्यें दौंड-मनमाड लोहमार्ग झाल्यापासून दौंड हें जंक्शनचें गांव. तालुक्यांतील कुरकुंभची वसाहत रसायनांची आणि औषधांची आहे. पण प्लास्टिकचा वापर दौंडच्या शेतकऱ्याइतका क्वचितच कोणी करीत असेल. उंसाच्या सरींतील ठिबकच्या नळ्यांचीं जोडणीं, दुधाचे क्रेट, भाजीच्या पाट्या, फवारणीच्या पाठीवरच्या टाक्या, सर्व सांच्यांतून निघालेलें. पूर्वींची वेताची पाटी एका हंगामांत मोडे आणि उकिरड्यावर कुजून खत होई. प्लास्टिकची पाटी पांच हंगाम टिकते, आणि मग मोडल्यावर कुजत नाहीं. टिकाऊपणाबद्दल जी कौतुकाला पात्र, तीच त्याच गुणामुळें डोकेदुखी होते. पिशव्या व एकदां वापरून फेंकावयाच्या वस्तूंवर महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेंही अशा कांहीं वस्तू बंद केल्या. बादल्या-क्रेट त्यांत आले नाहींत. त्यांचे तुकडे भंगारवाल्याकडून पुन्हां दाण्याच्या कारखान्यांत जातात, आणि हा व्यवहार या वसाहतींच्या भोंवतीं चांगला चालतो. पण मळलेलें, मिश्र, कोणीही न घेणारें प्लास्टिक उरतेंच.

तें कोठें जातें, याचें एक उत्तर गेल्या कांहीं वर्षांत वृत्तपत्रांतून आलेल्या तक्रारींत सांपडतें. गुऱ्हाळाचें चुलाण पूर्वींपासून चिपाडांवर पेटे. रस काढलेलें चिपाड उन्हांत पसरून वाळावयास दिवस लागतात, जागा लागते, मजूर लागतात. उलट टाकाऊ प्लास्टिक स्वस्तांत मिळतें आणि भडकन् पेटतें. दौंड तालुक्यांतील कांहीं गुऱ्हाळांवर असें प्लास्टिक आणि रबर जाळलें जात असल्याचा बोभाटा झाला, गांवकऱ्यांनीं अर्ज दिले. पी.व्ही.सी.चा एखादा तुकडा त्यांत असला तर धुरांत मिठाच्या आम्लाची वाफ येते, आणि अर्धवट जळण्यांत त्याहूनही घातक द्रव्यें तयार होतात. चिपाडावर चालणारीं गुऱ्हाळें अर्थातच आहेत, आणि जाणकार गिऱ्हाईक ढेप घेण्यापूर्वीं चुलाणाकडे पाहून येतो. ज्यानें वितळलेल्या रसाला सांच्यांत भरण्याचें शिक्षण शतकानुशतकें गिरविलें, त्या गुळव्याच्या काहिलीखालीं आतां त्याच विद्येचीं मोडकीं अपत्यें येऊन पडूं लागलीं आहेत. तो मात्र वर पाकाकडे पाहत असतो. खालीं जाळ घालणारा दुसराच.